ओट्सच्या बरण्या: गंजलेलं झाकण, वास धरणारी रिंग आणि सकाळी आंबलेलं दूध

रात्री दुधात ओट्स भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी थंडच खायचे, यात बिघडण्यासारखं तसं काही नाही. तरी किनाऱ्यावरच्या घरांतून त्याच त्या तक्रारी फिरून येतात. दोन महिन्यांत झाकण गंजलं, ओट्सना लोणच्याचा वास येतो, झाकणातल्या रिंगेखाली काळं धरलं, सकाळी दूध आंबलेलं निघालं, बरणीला तडा गेला. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, नवी बरणी आणतात. मग पावसाळा येतो आणि तिचंही तेच होतं.

दुकानात आपण काच बघतो. जाड आहे का, चकाकते का, फ्रिजमध्ये छान दिसेल का. पण काच गंजत नाही, वास धरत नाही, बुरसत नाही. हे सगळं झाकणाचं होतं. म्हणून मालवण, हर्णै, श्रीवर्धनसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात आधी झाकण पसंत करायचं आणि मग त्याखाली बरणी कोणती आहे ते बघायचं. लांजा, संगमेश्वर, सावंतवाडी इतकं आत गेलं की हवेतलं मीठ कमी होतं, पण जून ते सप्टेंबर दमटपणा सगळीकडे सारखाच. तिथे गंज जरा उशिरा येतो, बुरशी मात्र वेळेवर हजर होते.

झाकण गंजतंय

जॅम, मध किंवा लोणच्याच्या बरणीचं पाव फेऱ्यात बसणारं झाकण पोलादी पत्र्याचं असतं. पत्र्यावर कथिलाचा किंवा क्रोमचा अगदी पातळ मुलामा आणि आतून लॅकरचा थर. पत्रा कापून झाकण घडवतात, त्यामुळे कापलेल्या कडेवर मुलामा नसतो. ती उघडी कड आत वळवून लपवलेली असते. झाकण उलटं धरून कडेच्या आतून नख फिरवा, जी बारीक गुंडाळी लागते ती हीच. धुताना पाणी या गुंडाळीत शिरतं आणि वरून कितीही पुसलं तरी आत राहतं. गंजाचा पहिला तपकिरी ठिपका जवळजवळ नेहमी इथेच दिसतो.

किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण झाकणावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे कोरडं करून ठेवलेलं झाकणसुद्धा फळीवर बसल्या बसल्या ओलं होत राहतं. पुण्याच्या बहिणीकडे तीच बरणी दोन वर्षं टिकते आणि वेंगुर्ल्यात टिकत नाही, ते यामुळे.

घरात असलेली पत्र्याची झाकणं टिकवायची असतील तर धुतल्यावर लगेच झटका, कड हलकेच दोनदा फडक्यावर आपटा, मग पुसा. सुकायला ठेवताना आतली बाजू वर करून ताटलीसारखं ठेवू नका, तसं ठेवलं की पाणी आतच साचून राहतं. जाळीवर तिरकं उभं करा आणि तासभर पंख्याखाली राहू द्या. ऊन नसेल तेव्हा गॅस बंद केल्यावर शेगडीच्या बाजूला ठेवलं तरी चालतं, तव्यावर मात्र नको, कारण आतली मऊ रिंग उष्णतेने बसते आणि मग झाकण घट्ट लागत नाही. तारेचा चोथा झाकणाला लावूच नका. लॅकरवर एक ओरखडा गेला की आंबट दही किंवा फळाचा रस थेट पत्र्याला लागतो. रात्रभर सिंकमध्ये भिजत घालणं तर गंजाला आमंत्रणच.

बाहेरून दोन-चार ठिपके असतील तर ते झाकण तीळ-ओव्याच्या बरणीला द्या. आतून ठिपका, फोड किंवा सुटलेला लॅकर दिसला की ओट्ससाठी ते झाकण बाद. घासून, तेल लावून पुन्हा वापरण्याचा खटाटोप करू नये.

नवीन घेताना स्टीलच्या झाकणाचा मोह होतो. स्टील चांगलं असेल तर हरकत नाही, पण पारख अवघड आहे. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते खाऱ्या हवेत बऱ्यापैकी तग धरतं. २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि लवकर डाग धरतं. लोक लोहचुंबक लावून बघतात. त्याने कथिलाचा पत्रा ओळखता येतो, पण २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक नीटसा चिकटत नाही, तेव्हा त्या दोघांतला फरक चुंबकाने कळत नाही. झाकणावर किंवा खोक्यावर प्रत छापलेली नसेल तर स्टील म्हणून जास्त पैसे देऊ नका.

मेसन पद्धतीच्या बरण्या आता ऑनलाइन सहज मिळतात. १८५८ साली जॉन लँडिस मेसन यांनी पेटंट घेतलेली आट्यांची बरणी, त्यावरून हे नाव आलं. आजच्या मेसनला चपटी चकती आणि वरून फिरवायचं कडं असं दोन तुकड्यांचं झाकण असतं. ही रचना अन्न उकळून हवाबंद करण्यासाठी आहे, फ्रिजमधल्या ओट्सना तिची काही गरज नाही. चकती आणि कड्याच्या मध्ये पाणी अडकतं आणि कडं गंजून बरणीलाच धरतं. बरणी चांगली असेल तर तेवढं झाकण बदला. साध्या तोंडाच्या मेसनला ७० मिमीचं आणि रुंद तोंडाच्या मेसनला ८६ मिमीचं एकसंध प्लॅस्टिकचं झाकण मिळतं.

तारेच्या कडीची, खटका दाबून बंद करायची बरणी दिसायला सगळ्यांत देखणी. तिची तार जिथे बिजागरीत घासते तिथे मुलामा उडतो आणि तिथूनच गंजाचा ओघळ काचेवर उतरतो. बांबूच्या झाकणाबद्दल एका वाक्यात सांगायचं तर ते आपल्या हवेसाठी नाही. श्रावणापर्यंत ते फुगतं, बुरसतं, आणि दिवाळीनंतर सुकून चिरतं.

उरतं ते साधं, जाड प्लॅस्टिकचं आट्यांचं झाकण. मागे त्रिकोणात ५ हा आकडा असावा, म्हणजे ते पॉलिप्रॉपिलीन. आत सिलिकॉनची रिंग असावी आणि ती बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने बाहेर निघणारी असावी. चिकटवलेली रिंग असलेलं झाकण कितीही मजबूत वाटलं तरी घेऊ नका. त्याचं कारण पुढच्या दोन तक्रारींत आहे.

ओट्सना वास येतो

आधी वास कुठे आहे ते शोधा. काच, झाकण आणि रिंग वेगवेगळी करून प्रत्येक जिन्नस स्वतंत्र हुंगा. काचेला वास येत असेल तर तिच्या आट्यांमध्ये तुपा-तेलाचा पातळ थर राहिलेला असतो. जुन्या टूथब्रशने आणि गरम साबणाच्या पाण्याने आटे घासले की तो जातो. वास रिंगेला असेल, आणि बहुतेक वेळा तिलाच असतो, तर गोष्ट वेगळी. सिलिकॉन तेलकट वास आत ओढून घेतं. शेजारच्या कप्प्यात मसाला लावलेला बांगडा किंवा उघड्या वाटीत सुक्या जवळ्याची चटणी असेल तर आठवड्याभरात रिंग तो वास धरते आणि तुमच्या केळं-वेलची ओट्सना देते.

अर्धा लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून रिंग अर्धा तास बुडवून ठेवा, मग चोळून धुवा आणि कडक उन्हात दिवसभर टाका. पावसाळ्यात उन्हाऐवजी साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, सिलिकॉनला त्याने काही होत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याची पद्धत दिसते खूप कामाची, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरतं. एकेक करून वापरा. दोनदा करूनही वास राहिला तर रिंग बदला. तेवढ्यासाठीच निघणारी रिंग हवी.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीचं उत्तर त्याहून सोपं आहे. काच ठेवा, झाकण टाका. पत्र्याच्या झाकणाच्या आत जी मऊ, पांढरट रिंग ओतलेली असते तिच्यात मोहरी-हिंगाचं तेल मुरलेलं असतं आणि ते कोणत्याच उपायाने निघत नाही. कोकमाच्या आगळाची बाटली असेल तर आगळातल्या मिठाने झाकण आधीच आतून पोखरलेलं असण्याची शक्यता जास्त.

तशाच मापाची सुटी झाकणं मिळतात. पाव फेऱ्याच्या झाकणांची नेहमीची मापं ५३, ६३, ७० आणि ८२ मिमी. आमरस, कोकम सरबत, जॅम करणारे गृहउद्योग आणि बचत गट जिथून बाटल्या घेतात, त्या पॅकिंगच्या दुकानात ती सापडतात. टेपने मापत बसण्यापेक्षा रिकामी बरणीच सोबत न्या. आटे जुळतात का ते तिथेच फिरवून कळतं.

गोड आणि तिखट यांची झाकणं कायम वेगळी ठेवा. आतल्या बाजूला कायम टिकणाऱ्या शाईने खूण करू नका, ती अन्नाला लागते. बाहेरून नेलपॉलिशचा ठिपका पुरतो.

रिंगेखालचं काळं

दूध आणि ओट्सचं पीठ खाचेत शिरतं, रिंग न काढता झाकण धुतलं जातं, वर दमट हवा. एवढं बुरशीला पुरेसं आहे. आठवड्यातून एकदा रिंग काढून खाच ब्रशने घासा आणि रिंग व झाकण वेगवेगळं सुकवा. रिंग ओली असताना खाचेत परत बसवली तर धुण्याचा उपयोग शून्य. वरवरचं काळं घासून आणि उकळून जातं. सिलिकॉनच्या आत शिरलेले ठिपके जात नाहीत, तेव्हा रिंग बदला. ब्लीचच्या नादी लागायची गरज नाही, त्यातून स्टीलचं झाकण किंवा तारेची कडी असेल तर ब्लीचने तिला हमखास डाग पडतात.

सकाळी दूध आंबलेलं निघतं

इथे लोक बरणी हवाबंद नाही म्हणून तिला दोष देतात. दूध आंबतं ते हवेने नाही, तापमानाने. अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानतात, कारण जंतू त्यात वाढतात. बरणी या पट्ट्यातून किती लवकर खाली जाते आणि रात्रभर खाली राहते का, एवढाच प्रश्न आहे.

पहिली चूक म्हणजे कोमट दूध. तापवलेलं दूध थोडं निवलं की ओट्सवर ओततात. जाड काचेच्या बरणीत घट्ट ओट्सच्या मधोमध ती ऊब तासन्‌तास राहते. दूध आधी फ्रिजमध्ये पूर्ण थंड करा, मगच ओट्सवर ओता. कोमट दुधाचा आणखी एक पुरावा झाकणाच्या आत दिसतो. वाफेचे थेंब धरलेले असतात, ते खाली पडून वरचा थर पचपचीत होतो, आणि पत्र्याचं झाकण असेल तर गंजाला रोजचं पाणी मिळतं.

दुसरी चूक म्हणजे चार दिवसांचे ओट्स लिटरभराच्या एकाच बरणीत. मोठा ऐवज मधून हळू गार होतो, आणि रोज त्यात चमचा घातला की बाहेरचे जंतू आत जातात. एका माणसाला एका वेळेला एक बरणी, हा हिशोब पाळा.

तिसरं कारण फ्रिज. एक दाराच्या फ्रिजमध्ये दारातला कप्पा सगळ्यांत उबदार असतो आणि बाटलीच्या आकारामुळे बरणी नेमकी तिथेच बसवली जाते. तिची जागा मधल्या किंवा खालच्या फळीवर, मागच्या बाजूला. फ्रीझरच्या थेट खालच्या ट्रेमध्येही नको, तिथे दूध गोठू शकतं. फ्रिज किती गार आहे हे आकड्यांच्या खटक्यावरून कळत नाही. पेलाभर पाण्यात साधा (ताप मोजायचा नव्हे) थर्मामीटर बुडवून तो त्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. ४ अंश किंवा त्याखाली असेल तर ठीक. ७-८ अंश दाखवत असेल तर बरण्या बदलून काही होणार नाही.

आणि वीज. पावसाच्या पहिल्या वादळात फांदी तारांवर पडली की रात्र अंधारात जाते. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर दुधा-दह्याचे ओट्स चव घेऊन बघण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्या. पोट बिघडवणारे सगळे जंतू चवीला कळत नाहीत. अशा दिवसांत ओट्स कोरडेच बरणीत भरून ठेवावेत आणि सकाळी गरम दुधात शिजवावेत.

फ्रिज खरोखर ४ अंशांवर असेल तर भिजवलेले ओट्स तीन दिवस नीट राहतात. आंबा, केळं किंवा ओलं खोबरं घातलेले मात्र दुसऱ्या सकाळच्या पुढे नेऊ नका. खोबरं यात सगळ्यांत आधी दगा देतं, म्हणून नारळाचं दूध घालायचं तर ताजं पिळून लगेच गार करा. हापूस चिरून रात्री घालण्यापेक्षा सकाळी वरून घाला. चव तर राहतेच, पाणीही सुटत नाही. हापूसच्या रसाचा हवाबंद डबा फोडला असेल तर उरलेला रस पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा.

काही वेळा दूध आंबलेलं नसतंच, फाटलेलं असतं. अमृत कोकम किंवा आगळ दुधात घातलं की त्यातल्या आंबटपणाने दूध फाटणारच. कोकम घालायचं तर दह्यातल्या ओट्सवर, तेही खायच्या वेळी. कच्च्या अननसाने वेगळीच गंमत होते. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि सकाळी सगळं कडू लागतं. पपई आणि किवीतही अशीच द्रव्यं आहेत. अननस पाच मिनिटं साखरेच्या पाण्यात उकळून गार करून घातला तर कडूपणा येत नाही.

कडवट आणि साबणासारखी चव येत असेल तर दूध आणि बरणी दोन्ही निर्दोष, ओट्सच खवट झालेत. उघडं पाकीट पावसाळ्यात कपाटात ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत ही वेळ येते, आणि सोंडे-किडे होतात ते वेगळंच. पाकीट फोडल्यावर ओट्स कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावेत.

वर पाणी, खाली गोळा

आता बरणीच्या काचेकडे येऊ, म्हणजे तिच्या आकाराकडे. एका माणसाचं माप असं: रोल्ड ओट्स ४० ग्रॅम, म्हणजे २४० मिलीचा कप अर्धा भरून. दूध १५० मिली, दही दोन मोठे चमचे, चिया एक छोटा चमचा. हे सगळं मिळून सव्वादोनशे मिलीच्या आसपास जातं. वर ६० ग्रॅम फळ आलं की पावणेतीनशेच्या पुढे. म्हणून बरणी ३५० मिलीची हवी. २५० मिलीच्या गोंडस बरण्या जाहिरातीत शोभतात, पण त्यांत ढवळायला जागा राहत नाही. ५०० मिलीची एकट्याला मोठी पडते आणि फ्रिजची फळी अडवते. मधाची ५०० ग्रॅमची बरणी साधारण ३७० मिलीची असते, कारण मध पाण्याहून जड. ती रिकामी झाली की ओट्सला नेमकी बसते.

तोंड किमान ६३ मिमी असावं, ८२ असेल तर उत्तम. तळापर्यंत चमचा सरळ गेला पाहिजे आणि धुताना चार बोटं आत गेली पाहिजेत. खांदे असलेली, म्हणजे पोट मोठं आणि गळा अरुंद अशी बरणी टाळा. चमचा खांद्याखालच्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथे कोरड्या ओट्सचा आणि चियाचा गोळा बसतो आणि दूध वर राहतं.

बरणी बदलायची नसेल तर ढवळायची पद्धत बदला. आधी दूध ओता, मग ओट्स आणि चिया. ढवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तळापासून ढवळा आणि मगच झाकण लावा. चिया पहिल्या दहा मिनिटांतच एकमेकांना चिकटतो, तो गोळा तेव्हा मोडला नाही तर सकाळी मोडत नाही. साखर किंवा गूळ फळावर थेट टाकला तर फळ पाणी सोडतं, म्हणून गोड आधी दुधात विरघळवा. इन्स्टंट ओट्सचा या मापात लगदा होतो, त्यांना १२० मिली दूध पुरतं. स्टील कट ओट्स, म्हणजे चपटे न करता नुसते तुकडे केलेले, रात्रभरातही कचकचीतच राहतात, त्यांच्यासाठी ही कृतीच नाही.

तडा जातो

बाजारातल्या बहुतेक बरण्या साध्या सोडा-लाइम काचेच्या असतात. बोरोसिलिकेट काच त्यांच्यापेक्षा महाग, पण उष्णतेने तिचं फुगणं साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश. तडा काच गरम होण्याने जात नाही. काचेचा एक भाग गरम आणि दुसरा गार राहिला, की त्या ओढाताणीत जातो. फ्रिजमधून काढलेल्या बरणीवर गिझरचं कढत पाणी, किंवा कढत दूध भरलेली बरणी ओल्या कडप्प्यावर, हे दोन प्रसंग नेहमीचे. जाड काच यात जास्त सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात उलट आहे. जाड काचेत आतून बाहेर उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून तीच आधी फुटते.

ओट्स थंडच खायचे असतील तर साधी काच पुरे, बोरोसिलिकेटचे पैसे वाचवा. मायक्रोवेव्हमध्ये रोज गरम करणार असाल तर बोरोसिलिकेट घ्या, आणि तरीही फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं ओट्यावर कोरड्या फडक्यावर ठेवून मगच आत. झाकण काढायचं, तारेची कडी असलेली बरणी तर आत घालायचीच नाही. बरणी उकळून घ्यायची असेल तर गार पाण्यात ठेवून पाण्याबरोबर तापवा आणि पाण्यातच निवू द्या.

तोंडाची कड तपासायला कापसाचा बोळा घ्या आणि कोरड्या काठावरून फिरवा. तंतू जिथे अडकतात तिथे टवका आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. अशी बरणी खाण्यासाठी वापरू नये. काठातून गळती होते आणि आणखी काच सुटू शकते. बरणीत मिक्सर-विस्क किंवा स्टीलचा चमचा जोरात आपटत ढवळल्याने तळाला ओरखडे पडतात, आणि पुढचा तडा तिथून सुरू होतो. लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा बरा.

काचेवर पांढुरका पापुद्रा आला तर तो तडा नाही, पाण्याचा क्षार आहे. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात तेव्हा हे जास्त दिसतं. एक भाग व्हिनेगर आणि एक भाग पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. लिंबाची फोड चोळली तरी भागतं.

झाकण उघडतच नाही

आत पोकळी झालेली असते. कोमट ओट्स भरून झाकण लावलं, आतली हवा गार होऊन आकसली आणि झाकण ओढलं गेलं. पत्र्याच्या झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक घालून किंचित उचला, फस्‌ आवाज आला की ते सहज फिरतं. आवाज न होता अडकलं असेल तर आट्यांत मध किंवा गूळ सुकलाय. झाकणावर कोमट पाण्याची धार मिनिटभर धरा, काचेवर नको. पुढच्या वेळी भरल्यावर काठ ओल्या फडक्याने पुसून मग झाकण लावा. प्लॅस्टिकचं झाकण हात दुखेपर्यंत पिळू नका, त्याचे आटे तडकतात आणि मग ते कायमचं गळतं.

प्रवासात गळतं

नवी बरणी आणल्याच दिवशी तपासा. दोन तृतीयांश पाणी भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर उलटी ठेवून पंधरा मिनिटं थांबा. कागदावर ओला गोल उमटला तर रिंग काढून पुन्हा नीट बसवा आणि परत बघा. तरीही उमटला तर बरणी दुकानात परत.

आंबा घाट किंवा फोंडा घाट चढताना आणखी एक गोष्ट घडते. सहाशे मीटर वर गेलं की बाहेरचा हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी होतो, आतली हवा बाहेर पडू पाहते, आणि बरणी बॅगेत आडवी असेल तर हवेबरोबर दूधही येतं. बरणी उभीच राहील अशी ठेवा, वर दोन बोटं जागा मोकळी सोडा, आणि घाटमाथ्यावर उघडताना आधी पाव फेरा फिरवून हवा जाऊ द्या.

फ्रिजबाहेर भिजवलेले ओट्स दोन तासांपर्यंत ठीक, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. चिपळूणहून रत्नागिरीला एसटीने जाऊन तिथे खायचे म्हटलं तर ही मर्यादा सहज संपते. बर्फाची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून बरणीला चिकटून ठेवा, किंवा सरळ कोरडे ओट्स, सुका मेवा आणि दूधपावडर भरलेली बरणी न्या आणि पोचल्यावर पाणी घाला. दूधपावडर तीन मोठे चमचे, पाणी १५० मिली, वीस मिनिटं थांबायचं. उन्हाळ्यात दुसरा मार्ग चांगला.